रामदास बोटीला ८० वर्षं : खान्देशात १७ जुलैला काय करावं?

तापीकाठ
मंडळी, १७ जुलै २०२७ ला रामदास बोटीच्या दुर्घटनेला ८० वर्षं होतील. १९४७ च्या त्या गुरुवारी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. गटारीसाठी गावी निघालेले चाकरमानी, व्यापारी, कोळी. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं आणि अलिबाग तालुक्यात घराघरांत सुतक होतं.

कोकणात या दिवसाची आठवण निघते. आपल्याकडे शाळा-वाचनालयांत फार तर फळ्यावर दिनविशेष लिहिला जातो. माझा विचार असा, की जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या निदान दहा-बारा शाळांत हा दिवस नीट करायचा. सकाळी ८ ला सुरुवात, दोन मिनिटं स्तब्धता, माहितीचं वाचन, आणि मग बोट का उलटते याचं पाण्यात प्रत्यक्ष प्रात्यक्षिक. २०२७ ला १७ जुलै शनिवारी येतोय, म्हणजे सकाळची शाळा आहेच. प्रात्यक्षिक कसं करावं, काय सामान लागेल, कुठे फसतं, हे जाणकारांनी सांगावं.

भुसावळ_लोको
कल्पना चांगली. पण समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या पोरांना याचं काय? टायटॅनिक घ्या, ती सगळ्यांना माहीत असते.

धडगावकर
भुसावळ_लोको दादा, नंदुरबार जिल्हा खान्देशातच येतो ना? सरदार सरोवराचं पाणी अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुव्यात आत शिरलंय. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या बुडितात आली. काही पाड्यांना दवाखाना, रेशन, बाजार हे सगळं आजही बोटीनंच करावं लागतं. तरंगते दवाखाने आहेत तिथे. आणि जानेवारी २०१९ ला संक्रांतीच्या सणाला भुषा इथे नर्मदेत बोट उलटली, त्यात लहान मुलंही गेली. समुद्र लांब असेल, बोट लांब नाही.

उलट मी तर म्हणेन, पहिलं प्रात्यक्षिक धडगाव-मोलगीच्या आश्रमशाळांत व्हावं. तिथली पोरं खरोखर बोटीत बसतात.

भुसावळ_लोको
हे लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे, शब्द मागे.

जहाजी_पारोळा
टायटॅनिकबद्दल एक नीट सांगतो, कारण शाळांत ही गल्लत नेहमी होते. टायटॅनिक आणि रामदास यांचं बुडणं वेगवेगळ्या जातीचं आहे.

टायटॅनिकला १६ कप्पे होते. पुढचे ४ भरले तरी ती तरंगली असती. हिमनगानं त्याहून जास्त कप्पे उघडे केले, आणि कप्प्यांमधल्या भिंती वरपर्यंत नेलेल्या नव्हत्या, म्हणून नाक खाली गेलं तसं पाणी भिंतीवरून मागच्या कप्प्यात सांडत गेलं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११.४० ला धडक, २.२० ला बुडाली. २ तास ४० मिनिटं, आणि तेवढा वेळ ती बऱ्यापैकी सरळ उभी होती.

रामदासला लाट लागली, माणसं घाबरून एका बाजूला गेली आणि बोट आडवी झाली. तिथे मिनिटांचा हिशोब आहे. होड्या सोडायला वेळच मिळत नाही. प्रात्यक्षिक या दुसऱ्या जातीचं करा. नर्मदेतली, उकाई धरणाच्या फुगवट्यातली, कुठल्याही तलावातली बोट याच कारणानं जाते.

गिरणाकाठचा
म्हणजे 'जास्त माणसं भरली म्हणून बुडाली' हे चूक?

जहाजी_पारोळा
अर्धवट आहे. जास्त वजनानं बोट खाली दबते, काठ पाण्याजवळ येतो, तो एक धोका. पण उलटण्यासाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन *किती उंचीवर* आहे आणि *कुठे सरकतं*. माणूस हे सगळ्यात वाईट ओझं. तो उभा राहतो, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य वर जातो. आणि घाबरला की सगळे एकदमच एकीकडे जातात. पोतं कधी घाबरत नाही.

शिकागोची ईस्टलँड बोट बघा. २४ जुलै १९१५, नदीत, धक्क्याला बांधलेली. कंपनीच्या सहलीला निघालेली अडीच हजारांवर माणसं वर होती. बोट जागेवरच कुशीवर पडली, ८४४ जण गेले. वादळ नाही, खडक नाही. टायटॅनिकनंतरच्या नियमांमुळे तिच्यावर जास्तीच्या जीवरक्षक होड्या आणि तराफे चढवले होते आणि ते सगळं वजन वरच्या डेकवर होतं. मुळातच डळमळीत असलेली बोट आणखी डळमळीत झाली.

सातपुडा_१९
हे भयंकर आहे. वाचवायच्या वस्तूंनीच तोल घालवला.

वाघूर
मूळ प्रश्नाकडे येतो. मॉडेलचं माप आणि गणित देतोय, शाळेतल्या शिक्षकांनी जसंच्या तसं वापरावं.

रामदासची हुबेहूब प्रतिकृती करू नका. नाक निमुळतं केलं की गणित अवघड होतं आणि सांधे गळतात. साधा चौकोनी डबा करा. लांबी ३० सेंमी, रुंदी १२, उंची १०. ३ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका, कडक पत्रा) घ्या, कटरनं कापला जातो. सांधे आधी सुपरग्लूनं धरायचे, मग आतून सिलिकॉनची बारीक रेघ. सिलिकॉन एक दिवस वाळू द्या, घाई केली की कोपऱ्यातून पाणी येतं. तळापासून ७.५ सेंमीवर सनबोर्डचाच एक काढता-घालता मजला, तो वरचा डेक. सगळं मिळून २४० ग्रॅमच्या आसपास बसतं.

वजनं म्हणून वाण्याकडची लोखंडी १०० ग्रॅमची मापं, १२ नग. एकूण वजन १४४० ग्रॅम. डब्याचा तळ ३६० चौ.सेंमी, म्हणजे डबा बरोबर ४ सेंमी पाण्यात बसतो.

आता गंमत बघा. पाण्याचा वर ढकलणारा जोर मध्यभागी, २ सेंमीवर. रुंदीचा वर्ग भागिले १२ पट खोली, म्हणजे १४४ भागिले ४८ = ३ सेंमी. दोन्ही मिळून ५. हा मेटासेंटर. गुरुत्वमध्य तळापासून ५ सेंमीच्या खाली आहे तोवर डबा उभा, वर गेला की गेला.

सगळी मापं तळात : गुरुत्वमध्य सुमारे १.९ सेंमी. डबा गच्च उभा.
५ मापं वरच्या डेकवर : सुमारे ४.५. उभा आहे, पण हाताचं बोट लावलं तर सुस्तपणे झुलतो, लवकर सरळ होत नाही.
६ मापं वर : ५ च्या काठावर. हळूच एका बाजूला कलतो आणि तिथेच थांबतो.
७ मापं वर : ३० अंशांच्या पुढे.

एकही ग्रॅम वाढवलेला नाही. तेवढंच वजन फक्त खालून वर नेलं. पोरांना हेच दिसायला हवं.

बहिणाईची_लेक
वाघूर सर, सुस्तपणे झुलतो हे फार महत्त्वाचं आहे. ज्या बोटीचं झुलणं संथ झालं ती धोक्यात आलेली असते. लोकांना वाटतं छान शांत चाललीय. झटक्यानं सरळ होणारी बोट अंगाला त्रासदायक, पण भरवशाची. पोरांना मोजायला लावा. एका हेलकाव्याला किती सेकंद लागले, ते सगळी मापं तळात असताना आणि ५ वर असताना. दहा हेलकाव्यांचा वेळ घेऊन दहानं भागायचा. ५ वर असताना दहा पुरते मिळाले नाहीत तर तीनचा घ्या.

अण्णा_चोपडा
भाऊ, हाई बठ्ठं बरोबर शे. पण टब केवढा?

वाघूर
अण्णा, ६० बाय ४५ चा, ३० खोल. २५ सेंमी पाणी म्हणजे ७० लिटरच्या आत काम होतं. उथळ परात घेऊ नका, डबा कलला की कोपरा तळाला टेकतो आणि पोरांना वाटतं बोट सावरली. तो फसवा आधार असतो.

तापीकाठ
आणि कललेला कोन मोजायचा कसा?

वाघूर
डब्याच्या पुढच्या भिंतीवर कागदी कोनमापक उलटा चिकटवा, मध्यातून दोऱ्याला एक नट टांगा. ओळंबा झाला. दोरा भिजला की चिकटतो, म्हणून मासेमारीची नायलॉन दोरी वापरा.

दुसरा प्रयोग माणसं सरकण्याचा. सगळी मापं तळात असताना एक माप मध्यापासून ५ सेंमी काठाकडे सरकवा. साधारण ६ अंश. आता ५ मापं वर ठेवा आणि वरचंच एक माप तेवढंच सरकवा. २४ अंशांच्या आसपास. एकच माप, एकच अंतर, चौपट कल. रामदासवरच्या धावपळीनं काय केलं असेल ते समजायला याहून वेगळं भाषण लागत नाही.

जहाजी_पारोळा
एक सूचना. मापांखाली दुहेरी टेप किंवा वेल्क्रो लावा. ३० अंशांना लोखंडी मापं सनबोर्डवरून घसरतात आणि डबा पूर्ण उलटतो. आधी टेप लावून दाखवा, मग मुद्दाम काढून. कोरियाच्या सेवोल बोटीत (१६ एप्रिल २०१४, ३०४ मृत्यू) हेच झालं. माल प्रमाणाबाहेर, तोल राखायला तळात भरायचं पाणी कमी, माल नीट बांधलेला नाही. वळण घेताना बोट कलली, माल घसरला, मग ती परत उठलीच नाही. गेलेल्यांत बहुसंख्य शाळेच्या सहलीची मुलं होती.

सातपुडा_१९
आत पाणी शिरल्यावर काय होतं तेही दाखवता येईल का? लाटेचं पाणी बोटीत येणं हाही भाग आहेच.

बहिणाईची_लेक
येईल, आणि माझ्या मते हाच सगळ्यात डोळे उघडणारा प्रयोग आहे. वाघूर सरांच्याच डब्यावर करूया.

२८ बाय ११ सेंमीचा, २ सेंमी काठाचा उथळ ट्रे सनबोर्डचा करायचा. तो डब्याच्या वर बसवायचा, सगळी मापं तळात. रिकामा ट्रे ठेवला तर डबा गच्च. त्यात २०० मिली पाणी ओतायचं. पाण्याचा थर सेंटिमीटरभरही नाही, पण डबा १० अंशांच्या आसपास कलून बसतो. सरळ करून सोडलं की दुसऱ्या बाजूला तेवढाच कलतो. डब्याला आता मधली जागाच उरलेली नसते.

मग ट्रेच्या मध्यातून, लांबीच्या दिशेनं एक पट्टी चिकटवायची. पुन्हा तेच २०० मिली, दोन्ही बाजूंना १००-१००. डबा सरळ उभा राहतो.

कारण असं. मोकळं पाणी कललेल्या बाजूला धावतं. त्याचा दुष्परिणाम रुंदीच्या घनावर जातो. रुंदी अर्धी केली की एका भागाचा परिणाम एक अष्टमांश, भाग दोन, म्हणून एकूण एक चतुर्थांश. गणितात १.८ सेंमीचं नुकसान अर्ध्या सेंमीच्या आत येतं.

फसतं कुठे? पट्टीखालून पाणी झिरपलं तर सगळा प्रयोग वाया. ट्रे आधी टेबलावर ठेवून एकाच बाजूला रंगीत पाणी भरा आणि दहा मिनिटं बघा. कुंकवाचं पाणी पुरतं.

जहाजी_पारोळा
ताई, सुंदर. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुगा बंदराबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ नावाची फेरी याच कारणानं गेली. पुढचं दार उघडं राहिलं, गाड्यांच्या सलग मोकळ्या डेकवर पाणी पसरलं आणि दीड मिनिटात बोट आडवी. १९३ माणसं गेली.

नर्मदेतल्या बोटीतही तळाशी साचलेलं पाणी उपसत का राहायचं, ते या ट्रेवरून समजतं. वजनापेक्षा त्या पाण्याचं धावणं वाईट.

गोड_खारं
मी म्हणतो समुद्राचं खारं पाणी आणि तापीचं गोडं यातला फरकही डब्यावर दाखवावा. प्लिमसोल रेषा, म्हणजे जहाज कुठवर दबलं तर चालेल ती रेघ, शिकवता येईल.

वाघूर
डब्यावर दिसणार नाही. समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास जड. ४ सेंमीला फरक १ मिमी. मागच्या बाकाला काय दिसणार? त्यासाठी जाड स्ट्रॉ घ्या, खालचं टोक मातीनं बंद करून ती १५ सेंमी बुडेल एवढं वजन घाला आणि लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात सोडा. साडेतीन मिमीच्या वर फरक येतो, स्केचपेनच्या रेघेनं दिसतो.

प्लिमसोल रेषा मात्र जरूर काढा. इंग्लंडमध्ये १८७६ च्या कायद्यानं ती जहाजांवर सक्तीची झाली, सॅम्युएल प्लिमसोल यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडून. डब्यावर ४ सेंमीवर लाल रेघ मारा. रेघ पाण्याखाली गेली की माणूस उतरवायचा. धडगावकडच्या प्रत्येक बोटीवर अशी रेघ रंगवली, तर ती वाचायला अक्षरओळख लागत नाही.

धडगावकर
हे मनापासून पटलं. मात्र एक अडचण सांगून ठेवतो. नर्मदेत धरणाची पातळी १३८.६८ मीटरपर्यंत चढते-उतरते. पातळी बदलली की काठावरची उतरायची जागा बदलते, आणि बोट कुठेही दगडावर टेकवून माणसं एका बाजूनं उड्या मारून उतरतात. प्रवासातला सगळ्यात धोक्याचा क्षण तो. तुमच्या प्रयोगात 'उतरणं'ही घ्या. एकेक माप काठावरून उचलायचं, बाकीची मध्यात ठेवून. आणि मग सगळी एका काठाला आणून.

काकू_अमळनेर
प्रयोग होईल शाळेत. गावासाठी संध्याकाळी दिवे सोडायचे का? आषाढी अवस म्हणजे दिव्यांची आवस. १७ जुलै १९४७ ला आषाढ अमावास्याच होती, पुढे अधिक श्रावण लागला होता. तिथीनं केलं तर दिवा लावणं अगदी जुळून येतं.

तापीकाठ
काकू, तिथीनं २०२७ ला आषाढ अमावास्या २ ऑगस्टला येते, सोमवारी. त्या दिवशी सूर्यग्रहणही आहे. संध्याकाळी माणसं घराबाहेर पडणार नाहीत.

काकू_अमळनेर
मग शाळेचं तारखेनं करा आणि घरचा दिवा तिथीनं लावा. आवसेला ग्रहण सुटल्यावर लावता येईल. दोन्ही राहील.

जहाजी_पारोळा
काकूंचं बरोबर वाटतं. पण नदीत दिवे नकोत. जुलैत हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी कधी किती उघडतील याचा नेम नसतो, तापीच्या घाटावर संध्याकाळी पोरं नेणं म्हणजे स्मृतिदिनालाच दुर्घटनेला बोलावणं. अंगणात घंगाळ किंवा तोच ७० लिटरचा टब ठेवा.

काकू_अमळनेर
ते तर खरंच. घंगाळातच करू. पळसाच्या द्रोणात कणकेचा दिवा ठेवला की तो हमखास कलंडतो, त्यावर काही उपाय?

बहिणाईची_लेक
काकू, तुमचा द्रोण म्हणजे बोटच. उंच दिवा ठेवला की गुरुत्वमध्य वर जातो. दिवा पसरट करा, उंची २ सेंमीच्या आत, बूड रुंद. कणीक गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवायची, उकडताना फुगून वाकडा होऊ नये म्हणून तळ चपटा दाबून घ्यायचा. द्रोण मोठा आणि सपाट बुडाचा निवडा, खोलगट नको.

आणि तेल घालू नका. द्रोण जरा हलला की तेल एका बाजूला धावतं, वर सांगितलेल्या ट्रेसारखंच. तुपात भिजवून फ्रिजमध्ये गोठवलेली फुलवात ठेवा. घट्ट तूप जागचं हलत नाही, आणि ते वितळेपर्यंत वातीनं त्यातलं बरंचसं ओढून घेतलेलं असतं.

अण्णा_चोपडा
ह्या ताईनी तर दिव्यातबी जहाज दाखाडं!

सातपुडा_१९
लाइफ जॅकेटचं कुणी बोललं नाही अजून.

धडगावकर
घ्यायलाच हवं. पाण्यात माणसाचं डोकं वर ठेवायला फार जोर लागत नाही, पण तो छातीशी लागतो. जॅकेटवर ५०, १००, १५० असे न्यूटनचे आकडे असतात. ५० चं पोहता येणाऱ्यासाठी. न पोहणाऱ्याला १०० किंवा वर, म्हणजे सुमारे १० किलोचा उचल. मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर ते पाण्यात वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तरच द्यावं.

जॅकेट नसेल तर झाकण घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा तेलाचा कॅन ५ किलोच्या जवळपास उचल देतो. दोन कॅन दोरीनं बांधून काखेखाली. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून आवळायचं, नाहीतर अर्ध्या तासात आत पाणी येतं. बादलीत दाबून धरायला लावा पोरांना. कॅन किती जोरानं वर येतो ते हाताला कळू दे.

भुसावळ_लोको
रामदासवर बिनतारी यंत्रणा नव्हती, बातमी मुंबईत पोचायला संध्याकाळ झाली. ती गोष्टही वाचनात घ्या. नर्मदेच्या दऱ्यांत अजून मोबाइलला रेंज नसलेल्या जागा आहेत. बोट निघताना किती माणसं बसली आणि किती वाजता पोचायला हवी, हे काठावर एकानं वहीत लिहून ठेवणं एवढं तरी करता येईल. वेळेत पोचली नाही तर शोध लगेच सुरू होतो.

जहाजी_पारोळा
तोल तपासायची जुनी रीतही वाचून दाखवा. स्वीडनचं वासा जहाज. निघण्याआधी ३० खलाशांना डेकवर या काठावरून त्या काठाला धावायला लावलं. तिसऱ्या फेरीतच जहाज इतकं हेलकावलं की चाचणी थांबवली. तरीही ते निघालं. १० ऑगस्ट १६२८ ला तेराशे मीटर जाऊन वाऱ्याच्या झोतानं कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं आणि बंदरातच बुडालं. १९६१ ला वर काढलं. वरच्या तोफांच्या मानानं तळातलं वजन कमी पडलं होतं, म्हणजे वाघूर सरांची सात मापं वर असलेला डबाच तो.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. मग १७ जुलै, शनिवार, असं ठरवतो. ८ ला स्तब्धता, १० मिनिटं वाचन, मग तीन टबांवर तीन प्रयोग आणि बादलीत कॅन. पाचवी ते नववीचे गट फिरत राहतील. एका टबाला एक शिक्षक आणि दोन मोठी मुलं. एका शाळेसाठी सनबोर्ड किती लागेल?

वाघूर
एका डब्याला मजला धरून १६०० चौ.सेंमी, ट्रेला ५२० धरा, पट्टीसह. कापताना वाया जाईल ते वेगळं. ३ डबे, १ ट्रे म्हणजे ६० बाय ९० सेंमीचे दोन तुकडे घ्या, उरेल त्यात सुटा मजला आणखी एक निघेल. मापं ३६ लागतील. वाण्याकडून एका दिवसापुरती मागून आणली तर पुसून, कोरडी करून परत द्या, ओलं लोखंड रात्रीत गंजतं.

धडगावकर
धडगावला टब मिळाला नाही तर?

वाघूर
शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचा तुकडा आणि चार बाकं. बाकं आडवी करून चौकट करा, कागद आत दुमडून पसरा, वर २५ सेंमी पाणी. बाकांच्या बाहेरून विटा लावा, पाण्याचा दाब बाक सरकवतो. आणि कागदाखाली खडा राहू देऊ नका.